डेस्मंडच्या नावाचा बाक

दारासमोर एक बाक असावा, एवढीच माझी इच्छा होती. त्यापायी ग्रामपरिषदेत मतदान होईल, दोन पक्ष एकमेकांशी बोलेनासे होतील आणि खुद्द हिममातेची मिरवणूक अडायची वेळ येईल, असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी निमूटपणे घरातल्या खुर्चीवर जप करत बसले असते.

आम्हा इंग्रजांत रीत अशी की माणूस गेला, की त्याच्या आवडत्या जागी त्याच्या नावाचा बाक बसवायचा. पाठीला पितळी पट्टी, तिच्यावर नाव आणि एखादं साधं वाक्य. लोक येतात, त्या नावाला पाठ टेकतात, सँडविच खातात, कबुतरांना चुरा टाकतात आणि निघून जातात. माझे वडील प्रेस्टनच्या बागेत असेच आहेत. माझे यजमान डेस्मंड जानेवारीत गेले, आणि त्यांना स्पेनमधल्या या बेनिमारेल गावातली आमची गल्ली आवडायची. म्हणजे गल्लीतले फटाके, गल्लीतली कुत्री आणि गल्लीत फुटपाथवर अर्धवट चढवून ठेवलेल्या मोटारी आवडायच्या नाहीत; पण गल्ली आवडायची. तेव्हा बाक गल्लीतच हवा.

यात माझा थोडा स्वार्थही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या खुर्च्या घेऊन दारात बसतात. टोमॅटोपासून पोपपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी तिथे होते. आम्ही दोघं इतकी वर्षं मागच्या गच्चीवर बसलो. तिथून डोंगर दिसतात, ऊन मिळतं, आणि इंग्रज माणसाला ऊन मिळालं की त्याला शेजार लागत नाही. आता गच्चीवर एकटीनं डोंगर बघवेनात. त्यात माझी धाकटी बहीण कॅथलीन दर रविवारी प्रेस्टनहून फोन करायची: "पुढची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. येतेस की भाडेकरू ठेवू? तुमच्या गावच्या ऑगस्टमधल्या सणापर्यंत सांग."

मी हिममातेला नवस बोलले. ही आमच्या गावची मरियामाता. गावात आजवर कुणी बर्फ पाहिलेलं नाही, तरी तिच्यावरची श्रद्धा वितळलेली नाही. मी म्हटलं, माते, तुझ्या सणापर्यंत या गल्लीतलं एक जरी माणूस माझ्या शेजारी येऊन बसलं तरी मी इथेच राहीन. नाही बसलं, तर सामान बांधेन. देवाशी असा सौदा करू नये हे मला कळतं. पण मातेला बायकांची अडचण समजते, असा माझा अनुभव आहे.

माझा एक नेमही इथे सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे झालं. चर्चची दुपारची प्रार्थनेची घंटा होईपर्यंत मी कशाचीही तक्रार करत नाही. काही वर्षांपूर्वी डेस्मंड आजारी असताना, इस्पितळात सूपवरून एका बिचाऱ्या परिचारिकेशी हुज्जत घालताना माझाच आवाज मला ऐकू आला आणि त्या दिवशी हे व्रत घेतलं. डेस्मंडना ते फार पटलं. म्हणाले, "छान! म्हणजे मला जे काही सांडायचं, फोडायचं ते सकाळीच उरकून घेतो."

बाकाला परवानगी लागेल का, हे मी प्रथम क्लाइव्हला विचारलं. क्लाइव्ह खालच्या रस्त्यावरच्या इंग्रजी पबात बसतो आणि तिथून संपूर्ण स्पेन ओळखतो.

"परवानगी?" तो हसला. "बर्नडेट, हा स्पेन आहे. इथे कोण विचारतंय? ठेवून दे बिनधास्त."

त्याला इथे येऊन जमाना झाला, पण स्पॅनिश येतं ते आणखी एक बिअर मागण्यापुरतं. म्हणून मी ग्रामपरिषदेच्या कचेरीत गेले. तिथल्या रेमेदियोसबाई फार सज्जन. त्यांनी संगणकात बराच वेळ शोधलं.

"हॉटेलची टेबलखुर्ची आहे का?"

"नाही. बाक आहे."

"घराचा की रस्त्याचा?"

"घरासमोर, रस्त्यावर. माझ्या यजमानांच्या स्मरणार्थ."

"असं होय!" त्यांचा चेहरा उजळला. "मग ते स्मारक."

मला म्हणायचं होतं की बाई, स्मारक सेनापतींचं असतं, डेस्मंड गॅस कंपनीत होते. पण ती तक्रार झाली असती आणि घंटा व्हायची होती. घंटा झाल्यावर मी परत गेले, तर रेमेदियोसबाई खाऊन यायला बाहेर पडलेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. या देशातल्या कचेऱ्या सकाळी उघड्या असतात आणि माझं तोंड दुपारनंतर. आमची गाठ कधी पडलीच नाही, आणि स्मारकाचा विषय ग्रामपरिषदेपुढे गेला.

इथे जरा राजकारण येतं, त्याला माझा इलाज नाही. इंग्लंडनं युरोपातून बाहेर पडावं की नाही याचं मतदान झालं, तेव्हा आम्ही दोघांनीही इथून टपालानं मत पाठवलं होतं. डेस्मंडनी बाहेर पडावं म्हणून, मी राहावं म्हणून. आमच्या घरातून देशाला एकूण शून्य मत गेलं. "आपला देश आपण चालवायचा," असं ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या ताटात समोरच्या एन्कार्नाच्या परसातला टोमॅटो होता. पुढे रहिवासी कार्डासाठी पोलिसांच्या रांगेत पहाटेपासून उभं राहावं लागल्यावर फार दुखावले होते. "हे लोक आपल्याला परकं समजायला लागलेत गं," म्हणाले. मी काही बोलले नाही. सकाळ होती.

डेस्मंडना गुपित ठेवता येत नसे, त्यामुळे त्यांचं मत गावभर माहीत होतं. ग्रामपरिषदेत विरोधी पक्षाचा एक सभासद उठून म्हणाला म्हणे, "जो माणूस जायला निघाला होता त्याचं स्मारक इथे कशाला?" त्यावर सत्ताधारी म्हणाले, "निघाला होता, पण गेला का? इथेच राहिला की नाही शेवटपर्यंत?" वाद चौकातल्या कारंज्याच्या खर्चापर्यंत, कारंज्यावरून कुणाच्या तरी मेव्हण्याच्या कंत्राटापर्यंत गेला. शेवटी स्मारक मंजूर झालं. जागा लिहायची राहून गेली.

एन्कार्नानं हे मला रस्त्यापलीकडून सांगितलं. तिचं घर माझ्या अगदी समोर. वय माझ्यापेक्षा बरंच जास्त, आवाज त्याहून.

"बर्ना, तुझ्या नवऱ्यावरून काल मारामारी व्हायची राहिली! जिवंतपणी तर बिचाऱ्याला कुणी ढुंकून विचारत नव्हतं."

पितळी पट्टी इंग्लंडहून मागवली होती, ती सीमाशुल्काच्या गोदामात अडकून पडली. आता बाहेरच्या देशातून आलेला माल झाला ना तो. डेस्मंडच्या मतानं डेस्मंडचंच नाव अडवलं. फोनवरचा अधिकारी विचारत होता, या वस्तूचा उपयोग काय? मी म्हटलं, आठवण. तो म्हणाला, असा पर्याय आमच्याकडे नाही. अखेरीस 'दरवाजाच्या मूठ-कडी-कोयंडे' या वर्गात बसवून ती एकदाची सुटली.

बाक बसवायला गवंडी विसेंत आला. विसेंत मिरवणुकीत हिममातेची पालखी उचलणाऱ्यांचा मुख्य. खांदे त्याला शोभतील असे, आणि काम करताना गातो. भिंतीवरून पावसाच्या पाण्याचा नळ खाली आला आहे, तो आड येत होता, म्हणून त्यानं बाक भिंतीपासून चांगला पुढे ओढला. फारच पुढे. जवळजवळ रस्त्याच्या मध्यात. मला दारातून ते दिसत होतं. जीभ वळवळत होती. मी जपमाळ घट्ट धरली आणि घंटेची वाट बघितली. घंटा झाली तशी धावत बाहेर आले, "विसेंत, हा जरा..."

"झालं बाई!" त्यानं बाकावर थाप मारली. "जुलैचं ऊन, खडी सिमेंट. आता भूकंप आला तर गाव जाईल, पण हा जायचा नाही."

त्या संध्याकाळी मी बाकावर उशा मांडल्या, लिंबाचं सरबत केलं आणि एका कडेला अंग चोरून बसले, म्हणजे तीन माणसांना जागा राहावी. पाठीमागे पट्टी चमकत होती: "डेस्मंड. त्यांना ही जागा आवडायची." खाली इथल्या भाषेतही तेच.

बायका खुर्च्या घेऊन आल्या. पट्टी वाचली. मला फार मायेनं 'शुभ संध्याकाळ' म्हणाल्या, आणि खुर्च्या उचलून एन्कार्नाच्या दाराशी जाऊन बसल्या. एन्कार्नानं तर छातीवर क्रूसाची खूण केली. सरबत मी घरात आणून मीच प्याले. दुसऱ्या दिवशीही मीच. तिसऱ्या दिवशी एक मांजर येऊन शेजारी बसलं, आणि नवसात मी 'माणूस' असंच म्हटलं होतं का, हे मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. दुर्दैवानं तसंच म्हटलं होतं.

पबात क्लाइव्हनं मान हलवली. "मतदानाचा राग, दुसरं काय! हे लोक आपल्याला कधी आपलं म्हणणार नाहीत. मी इतकी वर्षं बघतोय." त्यानं पबातल्या पोराला इंग्रजीत हाक मारून इंग्रजी वाटाणे मागवले.

रविवारी कॅथलीनचा फोन आला. ती आधीच तापलेली होती.

"इथे आपल्या गल्लीत ती परदेशातली नवीन कुटुंबं आलीत ना, त्यांच्या बायका संध्याकाळी चक्क खुर्च्या घेऊन रस्त्यावर बसतात! फुटपाथवर! आपसात बोलतात, हसतात. आपल्यात मिसळायला नको यांना. यंदा मी मत देणार ते या सगळ्यांना परत पाठवणाऱ्यांनाच."

"मग मलाही इथून परत पाठवतील."

"तुझं वेगळं आहे."

"ते कसं?"

"तू इंग्रज आहेस, बर्नडेट!" ती म्हणाली, आणि मला हे विचारावं लागतं याचंच तिला नवल वाटलं. मग जरा हळू आवाजात, "त्या रोज तशा बसतात. मला कधी कुणी बोलावलं नाही. खोलीचं काय करू?"

"सणापर्यंत थांब," मी म्हटलं.

माझा अपमान झाला होता, हे मी नाकारत नाही. रोज संध्याकाळी मी त्या बाकावर एखाद्या पुतळ्यासारखी बसत होते, आणि समोर रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर हसण्याचे फवारे उडत होते. सणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कुणीही शेजारी बसलं नाही. मी वरच्या कपाटातून बॅग काढून पलंगाखाली ठेवली. अजून उघडली नव्हती. सणाचा दिवस पुरता जाऊ द्यावा, मातेला तेवढा अवधी तरी द्यावा असं वाटलं.

सणाच्या सकाळी चर्चमध्ये मिस्सा आटोपून मी घरी येते तो गल्लीत ही गर्दी. पालखीवाले मूर्ती न ठेवता नुसत्या पालखीचे दांडे खांद्यावर घेऊन वाट तपासत निघाले होते, ते माझ्या दाराशी येऊन अडकले. या बाजूला बाक, त्या बाजूला एन्कार्नाची पायरी. पालखी ना पुढे ना मागे.

विसेंत सगळ्यांच्या पुढे होता. त्यानं बाकाकडे बघून डोक्याला हात लावला.

"कुणी बसवला हो हा एवढा पुढे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. घंटा व्हायची होती. मी जमिनीकडे बघत 'नमो मरिया' म्हणू लागले.

एन्कार्नाचा असला काही नेम नाही. "तूच, गाढवा!" ती दारातून ओरडली. "तूच बसवलास, आणि वर गात होतास!"

"मी?" विसेंतनं जवळ जाऊन सिमेंट निरखलं. "हो. काम मात्र चांगलं झालंय."

पहार आली, घण आला. संध्याकाळी माता याच वाटेनं जायची होती आणि भूकंपालाही न जुमानणारा बाक जागचा हलत नव्हता. विसेंतनं आपल्याच कामाला शिव्या घातल्या, मग मरियामातेची क्षमा मागितली, मग परत शिव्या घातल्या. शेवटी बाक निघाला, पण चारही पायांना सिमेंटचे गड्डे घेऊन. उचलायला गेले तर हातात धरवेना. तेव्हा कुणीतरी पालखीचे दांडेच त्याच्याखाली बांधले.

"न्यायचा कुठे आता?" विसेंतनं विचारलं. "बागेत?"

"बागेत पोरं खेळतात," एन्कार्ना म्हणाली. "मेलेल्या माणसाचं नाव आहे त्याच्यावर. स्मशानात न्या."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला.

"एन्कार्ना," मी हळूच विचारलं, "तू बाकावर बसली नाहीस ते... त्या नावामुळे?"

"मग? कुणाच्या नावावर बूड टेकवायचं होय गं? मी तुझ्या वडिलांच्या कबरीवर बसून सरबत पिऊ?"

माझे वडील प्रेस्टनच्या बागेत नेमके त्याचसाठी आहेत, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. "मला वाटलं, त्यांनी जे मत दिलं त्याचा राग."

"कसलं मत?" ती खरोखरच गोंधळली. मग तिला आठवलं. "अगं, माझा नवरा जन्मभर चुकीच्या लोकांना मत देत आला. त्याच्याही शेजारी मी झोपतच होते ना? राग मत दिल्याचा नाही. राग आहे तो त्याला पोचवायला आम्हाला बोलावलं नाहीस त्याचा. इथे माणूस दुसऱ्या दिवशी स्मशानाच्या भिंतीतल्या कोनाड्यात जातो. आम्हाला कळलं तेव्हा कोनाड्याचं सिमेंट वाळलं होतं. समोरचा माणूस, आणि आम्ही त्याला पोचवलंच नाही."

आमच्याकडे माणूस गेल्यावर पंधरवडाभर कळवाकळवी चालते, मग दिवस ठरतो, मग काळे कपडे काढतात. इथे माझे काळे बूट सापडायच्या आतच सगळं उरकलं होतं. फादर, क्लाइव्ह आणि मी, एवढेच होतो. मला वाटलं होतं, कुणाला यायचंच नव्हतं.

मी हे एन्कार्नाला सांगत होते तेवढ्यात बाक उठला. पालखीवाल्यांना एकच चाल येते: दोन पावलं टाकायची, किंचित झुलायचं, पुन्हा दोन पावलं. तसेच ते चालू लागले. गावचं वाद्यपथक संध्याकाळसाठी सराव करत फिरत होतं, ते कोपऱ्यावरून वळलं. पुढे पालखीवाले झुलत चाललेले बघून त्यांना वाटलं, हेच ते. ते मागे लागले आणि मातेच्या मिरवणुकीची संथ धून वाजवू लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही. दारादारांतून बायका बाहेर आल्या. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. रेमेदियोसबाई कचेरीच्या पायरीवर आल्या आणि त्यांनी सगळं बघून घेतलं. नंतर त्यांनी स्मारकाच्या कागदावर रिकाम्या जागी 'स्मशानभूमी' लिहिलं, आणि ते प्रकरण सगळ्या नियमांत बसलं.

मी मागून एन्कार्नाचा हात धरून चालले होते. जन्मभर मिरवणुकांबद्दल कुरकुर केलेल्या डेस्मंडना संपूर्ण गाव बँड लावून पोचवत होतं. वरून बघत असतील तर नक्की म्हणत असतील, "आवाज जरा कमी करायला सांग गं त्यांना."

स्मशानात कोनाड्यांच्या भिंतीसमोर सायप्रसच्या झाडांच्या सावलीत बाक टेकवला. तिथे बसायला काहीच नव्हतं, इतक्या वर्षांत कुणाला सुचलंही नव्हतं. टेकवला मात्र, आणि दोन म्हाताऱ्या लगेच त्याच्यावर बसल्या. डेस्मंडच्या नावाला पाठ टेकवून त्यांनी आपापल्या नवऱ्यांच्या कोनाड्यांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. इथे मेलेल्याच्या मांडीवर बसायला कुणाची हरकत नव्हती.

मग घंटा झाली.

"विसेंत," मी म्हटलं, "तू तो बाक फार पुढे बसवला होतास."

विसेंतनं घाम पुसता पुसता माझ्याकडे बघितलं. "हे आत्ता सांगता होय, बाई?"

संध्याकाळी गल्लीत पाणी मारलं होतं. बायका खुर्च्या घेऊन आल्या, मातेची वाट बघत बसल्या. माझ्या दारासमोर आता नुसते चार खड्डे होते. मी उंबऱ्यात उभी राहिले. कुणीतरी बोलावील म्हणून उभी राहिले, हे खरं. इतकी वर्षं तशीच उभी होते बहुतेक. मग आत गेले, स्वयंपाकघरातली गवती बैठकीची खुर्ची उचलली, आणि रस्ता ओलांडला. कुणी मान वळवली नाही. एन्कार्नानं बोलणं न थांबवता आपली खुर्ची ढुंगणासकट थोडी सरकवली आणि माझ्यापुढे भोपळ्याच्या बियांची पुडी धरली.

"तुम्ही मला कधी बोलावलं का नाहीत गं?" मी विचारलं. दुपार टळली होती.

"बोलवायचं काय त्यात?" ती म्हणाली. "रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

हिममाता आली. विसेंत घामेजलेल्या चेहऱ्यानं पुढे होता. त्या खड्ड्यांवरून पालखी अलगद, झुलत गेली. मी मनात म्हटलं, माते, कुणी माझ्या शेजारी बसलं नाही. मीच जाऊन बसले. तुझ्या हिशेबात हे चालणार असेल तर कळव. मातेनं काही कळवलं नाही. त्या बाबतीत ती कचेरीसारखी नाही. गप्प राहिली की समजावं, मंजूर.

मिरवणूक वळते न वळते तोच फोन वाजला. कॅथलीन.

"सण झाला ना? खोलीचं सांग."

"भाडेकरू ठेव, कॅथलीन."

तिच्या खिडकीबाहेर बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, इकडे माझ्याही शेजारी तसाच.

"त्या बसल्यात बाहेर?" मी विचारलं.

"बसल्यात की. रोजच्यासारख्या."

"मग एक खुर्ची घे आणि जा."

"बोलावल्याशिवाय?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. मग म्हणाली, "कुठली खुर्ची नेऊ? जेवणाच्या टेबलाची चालेल?"

"कुठलीही चालेल," मी म्हटलं. "फक्त तिच्यावर कुणाचं नाव नको."